एअर गन घेताय? आधी पूर्ण खर्च मांडा

वणीच्या रंगनाथस्वामी यात्रेत काय, गावच्या जत्रेत काय, फुगे फोडायला नेम धरला नाही असा माणूस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विरळाच. हवेची बंदूक म्हणजे खेळणं, हे तिथूनच मनात बसतं. मग तुरीत वानरं शिरली की तेच खेळणं विकत आणावंसं वाटतं.

नळी ४.५ मिमीपर्यंतची आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. ‘पॉइंट टू-टू’ची एअर गन मात्र परवान्याशिवाय घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो. ओळखपत्र दाखवून पक्कं बिल घ्या आणि त्यावर नळीचं माप लिहून मागा.

साधी देशी बंदूक साधारण तीन-चार हजारांपासून मिळते, जरा टिकाऊ हवी तर आठ-दहा हजार धरा. छर्ऱ्यांची डबी शे-दोनशेची. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो, आणि चूक इथेच होते. छर्रा दगडावर किंवा पत्र्यावर आपटून उलटा येतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून जितकी माणसं जवळ उभी राहणार, तितके संरक्षक चष्मे घ्या. एक दीड-दोनशेला पडतो. बंदूक पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुलूपबंद पेटी हवी. निशाण्यामागे मातीने गच्च भरलेली पोती रचा, त्याला पैसा लागत नाही.

नळी मोडून छर्रा भरताना ती एका हाताने घट्ट धरून ठेवा. सुटली तर झटक्यात मिटते आणि बोटं चिरडते. नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर. छर्रे तोंडात धरायची सवय पुष्कळांना असते. ते शिशाचे असतात, विष आहे. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

आता पिकाचं. वानर, रोही, रानडुक्कर हे तिन्ही वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. छर्ऱ्याने जखमी केलं तरी ती शिकारच ठरते, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राखणीसाठी एअर गन घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे सौर कुंपणात घाला. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांसाठी त्यावर ७५ टक्के, कमाल १५,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे. तुमचं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत तिथेच अर्ज द्या. आणि कुंपणाच्या तारेत घरची वीज कधीही सोडू नका. रात्री ओलीत करायला निघालेला शेजारीच तिला चिकटतो.