दादी का विसरतात?

मुलांनो, घरी दादी एकच प्रश्न चार वेळा विचारतात. कधी नातवाचे नावही विसरतात. आपण हसतो किंवा चिडतो. पण हा त्यांचा दोष आहे का?

एक खरी गोष्ट ऐका. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात आली. डॉक्टर अल्झायमर यांनी तिला पतीचे नाव विचारले. तिने स्वतःचेच नाव सांगितले! १९०६ साली ती मरण पावली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर बारीक गोळे साचले होते. पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. पुढे या रोगाला अल्झायमर यांचेच नाव मिळाले.

ते गोळे अमायलॉइड या प्रथिनाचे असतात आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा असतो. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात. या रोगात त्या हळूहळू मरतात. नव्या आठवणी जपणारा भाग बहुधा आधी बिघडतो. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही, पण लहानपण आठवते.

मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाल्यानेही स्मृती जाते. कधी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे विसर पडतो. त्यावर औषध आहे. म्हणून ‘म्हातारपण आहे’ असे म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.

आपण बोलायला शिकत होतो, तेव्हा दादींनी एकच शब्द कितीदा सांगितला होता! आता त्यांनी पाचव्यांदा विचारले, तर पाचव्यांदाही प्रेमाने उत्तर द्या.

प्रश्न
१. डॉक्टरांना मेंदूत काय दिसले?
२. दादींना डॉक्टरांकडे का न्यावे?