रानातला लॉगर गप्प झाला तर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसरच्या पुढे मांजरी लागते. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ सालापासून येथेच आहे. द्राक्षावरचा केवडा रोग पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते यावर वाढतो. ही नोंद ठेवण्यासाठी बागेत हवामान यंत्र उभारतात. त्यातील डेटा लॉगर दर काही मिनिटांनी आकडे टिपतो आणि मोबाईलच्या सिमवरून दूर पाठवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन रात्रींची नोंद बुडाली, तर बागाईतदार एक तर नाहक फवारणी करतो किंवा नेमकी हवी ती फवारणी चुकवतो. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश तपासला जातो, त्यामुळे नाहक फवारणीही महागात पडते.

अशी यंत्रे दुरुस्त करणारे हात कमी आहेत. रेडिओ, मोबाईल दुरुस्तीचा हुनर असलेल्या आपल्या तरुणांना हे काम सहज जमेल. त्यासाठी आधी एक प्रश्न विचारायला शिकावे : लॉगरच्या स्वतःच्या मेमरीत नोंद आहे की नाही?

लॅपटॉप जोडून मेमरी पाहा. आकडे सलग असतील पण दूर पोचले नसतील, तर दोष संपर्काचा. मेमरीतच खिंडार असेल, तर दोष विजेचा. खिंडार पहाटे सुरू होऊन सकाळी नऊ-दहाला संपत असेल, तर बॅटरी रात्र काढू शकत नाही, असे समजावे. ही एक तपासणी न करता अनेकजण थेट नवा मोडेम बसवतात आणि ग्राहकाचे पैसे पाण्यात घालतात. मीही सुरुवातीला एकदा हेच केले. दोष फ्यूजच्या गंजलेल्या पट्टीत निघाला.

बॅटरी सूर्य उगवण्यापूर्वी मोजावी. दुपारी पॅनेल चार्ज करीत असतो, तेव्हाचा आकडा फसवा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.० म्हणजे जेमतेम पाव शिल्लक. मात्र नुसता आकडा पुरेसा नाही. गाडीचा एखादा बल्ब जोडून पाहा. म्हातारी बॅटरी बल्ब लागताच खाली कोसळते.

पॅनेलचेही तसेच. उन्हात त्याच्या मोकळ्या टोकांवर २० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि धूळ बसली तरी ते फारसे उतरत नाहीत. म्हणून पॅनेल सोडवून करंट मोजावा. १० वॅटच्या पॅनेलने भर दुपारी सुमारे ०.६ अँपिअर द्यावे. कमी आला तर आधी ओल्या फडक्याने पॅनेल पुसा, पक्ष्यांची घाण काढा, आणि वाढलेल्या वेलीची सावली पडते का ते पाहा. तोंड दक्षिणेला हवे.

आता थोडा हिशोब. लॉगर सतत १० मिलिअँपिअर घेतो असे धरा, दिवसाला ०.२४ अँपिअर-तास झाले. मोडेम अखंड चालू राहून ६० मिलिअँपिअर घेत असेल, तर आणखी १.४४. सात अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे म्हटले तर पावसाळी ढगात ती दोन दिवस टिकेल. तोच मोडेम तासाला पाचच मिनिटे चालवला, तर खर्च एकूण ०.३६ वर येतो आणि बॅटरी नऊ दिवसांहून अधिक निघते. एक पैशाचा सुटा भाग न बदलता, केवळ सेटिंगमुळे!

संपर्काच्या बाबतीत पहिला संशय सिमवर घ्यावा. रिचार्ज संपला की सेवा थांबते, आणि शेतातल्या सिमची आठवण कोणाला राहते? दुसरी गोष्ट जाळ्याची. जुने मोडेम फक्त २जी जाणतात. २०१६ साली आलेल्या जिओकडे २जी नाहीच, तेव्हा ते सिम अशा मोडेममध्ये कधीही चालणार नाही. सिम मोबाईलमध्ये घालून तपासताना मोबाईलही २जीवरच ठेवावा, अन्यथा मोबाईल ४जी पकडतो आणि आपण सिम चांगले म्हणून परत घालतो. कंपनी बदलली असेल तर एपीएन नव्याने भरावा लागतो.

मोडेमला सिग्नल विचारला की तो ० ते ३१ मधला आकडा देतो. १० म्हणजे उणे ९३ डीबीएम, काम चालते. त्याखाली भरवसा नाही. ९९ आला तर सिग्नल मोजताच आलेला नाही, अँटेना सुटलेली असू शकते. अँटेना पत्र्याच्या पेटीत ठेवू नये, वेलींच्या वर न्यावी, आणि जोडाला पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळावी.

काही दोष दोन्हींच्या मध्ये असतात. डेटा पाठवताना मोडेम क्षणभर जोराचा करंट ओढतो. तार बारीक आणि लांब असेल तर व्होल्टेज कोसळून तो पुन्हा पुन्हा सुरू होतो. बॅटरी चांगली, सिग्नलही चांगला, तरी नोंद पोचत नाही, असे दिसले की पाठवण्याच्या वेळी मोडेमच्याच टोकांवर मीटर धरावा.

काम झाल्यावर पेटीच्या झाकणाच्या आत तारीख, पहाटेचे व्होल्ट, सिग्नलचा आकडा आणि सिमचा रिचार्ज कधी संपतो ते पक्क्या शाईने लिहून ठेवावे. पुढच्या खेपेला जुन्नरच्या बागेपर्यंतची निम्मी चौकशी मांजरीतून फोनवरच होते.