पिनकोड तपासणारी आज्ञावली : दोषशोधनाचा एक पाठ



संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषांमध्ये पायथन ही नवशिक्यांस सुलभ वाटणारी भाषा आहे. परंतु भाषा सुलभ असली म्हणून तिच्यात लिहिलेली आज्ञावली निर्दोष असतेच, असे नाही. आज्ञावलीतील चुका कशा हुडकाव्यात, हे एका परिचित उदाहरणावरून पाहू.

आपल्या देशात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे श्रेय टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. पिनकोडात सहा अंक असतात. पहिला अंक विभाग दाखवितो व तो शून्य कधीही नसतो. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून वाटपाचे टपाल कार्यालय ठरते. पणजीचा पिनकोड ४०३००१, तर मडगावचा ४०३६०१ आहे.

आता समजा, शाळेचे वार्षिक माजी विद्यार्थ्यांना टपालाने पाठवावयाचे आहे आणि प्रत्येकाने स्वतःचा पिनकोड संगणकात भरावयाचा आहे. तो तपासण्यासाठी एका नवशिक्याने पुढीलप्रमाणे आज्ञावली रचली. आरंभी 'इनपुट'ने कोड घ्यावा व 'इंट'ने त्याची संख्या करावी. मग 'लेन'ने लांबी सहा आहे की नाही ते पाहावे. शेवटी पहिला अंक एक 'ऑर' दोन 'ऑर' तीन, असे नऊपर्यंत विचारावे.

ही आज्ञावली चालविताच थांबते. संख्येला लांबी नसते, असा संदेश पायथन देते. हा दोष स्वतःच आपले ठिकाण सांगतो, म्हणून त्यास भिण्याचे कारण नाही. संदेश शांतपणे वाचावा. पिनकोड हे काही परिमाण नव्हे. दोन पिनकोडांची बेरीज कोणी करीत नाही. म्हणून 'इंट' काढून टाकावे आणि कोड अक्षरमाला म्हणूनच ठेवावा.

आता आज्ञावली न थांबता चालते. परंतु ००३००१ हा अशक्य कोडही ती मान्य करते! येथे कोणताच संदेश येत नाही, म्हणून हा दोष अधिक घातक होय. त्याचे मूळ व्याकरणात आहे. "पाहुणा आज किंवा उद्या येईल" या वाक्यात 'येईल' हे क्रियापद आपण 'आज'कडेही मनातल्या मनात जोडतो. यास अध्याहार म्हणतात. पायथनला अध्याहार कळत नाही. 'पहिला अंक एक आहे' हे एक विधान व नुसता 'दोन' हे दुसरे, असे ती समजते. आणि रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला ती खरीच मानते. त्यामुळे अट नेहमीच पूर्ण होते. त्याऐवजी, पहिला अंक एक ते नऊ या अंकांच्या मालेत आहे काय, असे 'इन'ने विचारावे.

तिसरा दोष याच्या उलट आहे. कोणी ४०३००१ बरोबर लिहितो, तरी त्याला नकार मिळतो. पडद्यावर काहीच खटकत नाही. अशा वेळी तर्क करीत बसू नये. लांबी छापून पाहावी. उत्तर सात येते! शेवटी एक रिकामी जागा पडली आहे. 'स्ट्रिप'ने दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढता येतात. मध्ये जागा सोडून ४०३ ००१ असे लिहिणारेही असतात. त्यांच्यासाठी 'रिप्लेस' वापरावे.

चौथा दोष आपल्यासारख्यांनाच आधी दिसेल. मराठी माध्यमाचा विद्यार्थी देवनागरी अंकांत पिनकोड लिहील. आपली माला इंग्रजी अंकांची असल्यामुळे आज्ञावली त्याला चुकीचा ठरवील. वस्तुतः त्याने काहीच चूक केलेली नाही. बरोबर असणाऱ्यास चूक म्हणणे हा अन्याय आहे, मग तो यंत्राकडून का होईना. उपाय सोपा आहे. चिन्हे सहा आहेत व सर्व अंक आहेत, हे 'लेन' आणि 'इझडेसिमल' यांनी तपासावे. 'इझडेसिमल'ला देवनागरी अंकही अंकच वाटतात. त्यानंतर 'इंट'ने संख्या करावी व ती १००००० पेक्षा लहान नाही ना, ते पाहावे. 'इंट'ला दोन्ही लिपींतील अंक कळतात. आरंभी काढलेले 'इंट' आता योग्य जागी परत आले. संग्रहात मात्र हीच संख्या ठेवावी, म्हणजे एकाच गावाचे दोन लिपींत दोन गठ्ठे होणार नाहीत.

तथापि एवढे करूनही आज्ञावली केवळ कोडाचे रूप तपासते. बेळगावचा ५९०००१ लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ५०९००१ होतो. हा तेलंगणातील महबूबनगरचा पिनकोड असल्याने आज्ञावली तो निमूटपणे स्वीकारील. आधार क्रमांकात किंवा पुस्तकांच्या आयएसबीएनमध्ये अशी चूक पकडण्यासाठी शेवटी एक तपास-अंक असतो. पिनकोडात तो नाही. म्हणून पत्त्यातील गाव व पिनकोड यांचा मेळ आपणच घालावा.

स्वाध्याय : पुढील नोंदी दुरुस्त आज्ञावलीस देऊन पाहा आणि प्रत्येकीचे उत्तर आधी वहीत लिहून ठेवा : काहीच न लिहिणे, पाच अंक, सात अंक, आरंभी शून्य, मध्ये एक अक्षर, तीन अंक देवनागरी व तीन इंग्रजी. जेथे वहीतील आणि यंत्राचे उत्तर भिन्न येईल, तेथून शोधास आरंभ करा.