रक्तदाबाचे संप्रेरक आणि कोरोनाचा विषाणू

वैशाखात शिवनेरीच्या पायऱ्या चढताना, किंवा नारायणगाव-मंचरकडच्या मळ्यांत टोमॅटो तोडताना, अंगातून घामाच्या धारा लागतात. घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. मग रक्तदाब उतरून माणसाला लगेच भोवळ का येत नाही? याचे एक कारण मूत्रपिंडांत सापडते.

रक्तदाब उतरू लागला की मूत्रपिंडे रेनिन हे विकर रक्तात सोडतात. 1898 साली स्टॉकहोम येथे टिगरस्टेट व बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. त्यावरून रेनिनचा शोध लागला. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून रेनिन दहा अमिनो आम्लांची साखळी तोडून काढते. ही साखळी स्वतः फारसे काही करीत नाही. मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर 'एसीई' हे दुसरे विकर असते. ते साखळीचे शेवटचे दोन मणी तोडते आणि उरते आठ मण्यांचे अँजिओटेन्सिन-2. हेच आपले संप्रेरक! ते रक्तवाहिन्या आकसवते आणि शरीरात मीठ राखून ठेवायला लावते. (अर्जेंटिना व अमेरिका येथील दोन गटांनी त्याला वेगवेगळी नावे दिली होती, 1958 साली दोन्हींचे अर्धे-अर्धे जोडून आजचे नाव ठरले.)

गाडीला ब्रेक हवाच. 2000 साली सापडलेले 'एसीई-2' हे विकर या साखळीचा आणखी एक मणी काढते. उरलेली सात मण्यांची साखळी उलट रक्तवाहिन्या सैल करते. पण पेशींवरच्या याच एसीई-2 ला सार्सचा विषाणू चिकटतो, असे 2003 मध्ये दिसले. कोविडचा विषाणूही त्याच दाराने शिरतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये तो प्रयोगशाळेत वेगळा केला.

येथे एक पेच पडला. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या याच साखळीवर काम करतात. त्यांतल्या एका घराण्याचे मूळ ब्राझीलमधील जराराका या सापाच्या विषात आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतांतल्या घोणशीचा हा दूरचा भाऊबंद. त्या विषावरील संशोधनातून पुढे कॅप्टोप्रिल तयार झाले व 1981 मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. अशा औषधांनी प्राण्यांच्या काही प्रयोगांत एसीई-2 वाढले होते. मग विषाणूला दारे वाढतील का? उलट बाजूचे म्हणत, विषाणूमुळे एसीई-2 घटते, अँजिओटेन्सिन-2 साचते व फुप्फुसांना इजा होते; तेव्हा गोळ्या उपयोगीच पडतील. कागदावर दोन्ही युक्तिवाद बिनतोड!

निकाल लावला प्रयोगाने, तोही ब्राझीलमध्येच. रुग्णालयात दाखल झालेल्या 659 कोविड रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या गोळ्या 30 दिवस थांबवल्या, बाकीच्यांच्या चालू ठेवल्या. रुग्णालयाबाहेर हयात राहिलेल्या दिवसांची सरासरी थांबवणाऱ्यांत 21.9 व चालू ठेवणाऱ्यांत 22.9 आली. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. म्हणजे गोळ्या बंद करून काही लाभ नव्हता, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब चढण्याचा धोका मात्र होता.

घरी आजोबांच्या गोळ्यांचे पाकीट पाहा. औषधाच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल तर ते एसीईला अडवते. 'सार्टन' असेल तर अँजिओटेन्सिन-2 ला रक्तवाहिनीवर जागा मिळू देत नाही.