प्रतिकृतीच्या चाकांना रबरी टायर

आठवीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी एस.टी. बसची प्रतिकृती करावयास घेतली, तेव्हा मी सहज बोलून गेलो, "जुनी ट्यूब वितळवा, साच्यात ओता, झाला टायर." मी इतिहासाचा शिक्षक, हे वाक्य खातरजमा केल्याविना उच्चारावयास नको होते. दुसऱ्या दिवशी भोजनगृहामागे डब्यात सायकलची ट्यूब जळत होती आणि एका मुलाच्या तळहाताला चटका बसला होता. रबर वितळून वाहिले नाही. ते धुरासह चिकट, काळे होऊन गेले.

कारण शोधता शोधता मी माझ्याच विषयात येऊन पोहोचलो. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर होत असे. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना आढळले की, गंधक मिसळून तापविलेले रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहते. गंधक रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना जोडतो. यास व्हल्कनीकरण म्हणतात. असे रबर पुन्हा तापवून ओतता येत नाही. भाजलेल्या भाकरीचे पीठ होत नाही, तसेच हे. तेव्हा साच्यातच घट्ट होणारा पदार्थ घेणे भाग आहे.

प्रथम माप. बसच्या टायरभोवती सुतळी गुंडाळली. परीघ सुमारे ३३० सें.मी. भरला. त्यास ३.१४ने भागता व्यास १०५ सें.मी. प्रतिकृती १:२५ प्रमाणात, म्हणून टायरचा व्यास ४२ मि.मी. रुंदी २८ सें.मी., म्हणजे ११ मि.मी. या मापाचे लाकडी कडे सुताराकडून करून घेतले व कानशीने त्यावर नक्षीच्या खाचा पाडल्या. आतले भोक चाकापेक्षा १ मि.मी. लहान ठेवावे, म्हणजे टायर ताणून घट्ट बसतो.

कड्यास व्हॅसलीन लावून ते निम्मे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवावे. प्लास्टर घट्ट झाल्यावर त्यात दोन खळगे कोरावेत, पुन्हा व्हॅसलीन फासून वरचा अर्धा भाग ओतावा. खळग्यांमुळे दोन्ही अर्धे नेमके जुळतात.

आता खरी अडचण. फरशीच्या सांध्यांत भरतात ते, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आम्ही नुसतेच भरले. दोन दिवसांनी उघडले, तर आत लगदा! हे सिलिकॉन हवेतील ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते आणि बंद साच्यात ओलावा पोहोचतच नाही. दोन भाग सिलिकॉनमध्ये एक भाग कॉर्नफ्लोअर मिसळले की ही अडचण सुटते. कारण त्या पिठातच ओलावा असतो. काळ्या तैलरंगाचा एक थेंब पुरे. हे मिश्रण झटपट आवळते, म्हणून एका वेळी एकाच टायरपुरते कालवावे. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन्ही अर्ध्यांत भरून, दाबून, सुतळीने बांधून रात्रभर ठेवावे. सकाळी कडेची पातळ झालर कात्रीने छाटावी.

मागची जोडचाके धरून बसला सहा टायर लागतात. चटका बसलेल्या मुलाने स्टेपनीसाठी सातवाही काढला.