जुनी जपानी मोटार घेण्यापूर्वीचा हिशेब

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारच्या प्रवरा पुलापाशी तासभर उभे राहिले तर मोटारींच्या बाजाराची बरीच माहिती फुकटात मिळते. शिर्डीच्या भाविकांच्या इनोव्हा, पुढाऱ्यांच्या पांढऱ्या फॉर्च्युनर, आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणारी एखादी जुनी कॅमरी किंवा ॲकॉर्ड. नवी असताना अशी गाडी कारखानदार, मोठे डॉक्टर आणि कंपन्यांचे साहेब लोक वापरत. आज तीच दहा-बारा वर्षांची झाल्यावर एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. पेरू-डाळिंबाचा किंवा किराण्याचा धंदा दोन हंगाम बरा गेला की घरातली तरुण मंडळी मोबाईलवर फोटो दाखवू लागतात, "अब्बा, पन्नास लाखांची गाडी आठ लाखांत मिळतेय!"

एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात का मिळते, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारत नाही. आजचा धडा त्यावरच आहे.

उत्तर सोपे आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. २०२४ च्या डिसेंबरात नवी कॅमरी आपल्या देशात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत ४८ लाख रुपये होती. अशा वर्गातील गाडी बारा वर्षांनी आठ लाखांवर येते. पण तिचा हेडलाइट, तिचे शॉकअॅब्सॉर्बर, तिचा एसीचा कॉम्प्रेसर हे मोठ्या गाडीच्याच भावाने विकत घ्यावे लागतात. पहिल्या मालकाला हे ठाऊक असते. मोठा खर्च समोर दिसू लागला की तो गाडी काढतो. दुसरा मालक हौसेने दोन वर्षे फिरवतो, वरवरचे काम करतो आणि पुढे ढकलतो. आपल्याकडे येते तेव्हा दोघांनी न केलेला खर्च गाडीबरोबर आलेला असतो.

जपानी गाडीच्या नावाचा दबदबा आपल्या समाजात जुना आहे. सौदी, कुवेत, दुबईत नोकरी केलेल्या माणसाने वाळवंटातल्या उन्हात दोन-तीन लाख किलोमीटर चाललेल्या टोयोटा डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पुढे १९९७ साली किर्लोस्कर समूहाबरोबर टोयोटाची भागीदारी झाली, २००० साली बिडदीची क्वालिस रस्त्यावर आली आणि शिर्डीच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्या टिकाऊपणावर शिक्कामोर्तब केले. हा लौकिक खोटा नाही. पण त्यामागची अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. खुद्द जपानात नव्या खासगी गाडीची तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. ती बरीच खर्चिक असते आणि तिच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वेळच्या वेळी तेल, पट्टे, रबर बदललेली गाडी टिकते. न बदललेली जपानी गाडी इतरांसारखीच बंद पडते, फरक एवढाच की थोडी उशिरा पडते आणि पडते तेव्हा महाग पडते.

आखातातील भावाची किंवा जावयाची गाडी इकडे आणता येईल का, असेही विचारले जाते. सरळ सांगायचे तर तो नाद सोडावा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या स्टिअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी, असे नियम आहेत. आखातातील गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात, तेव्हा गोष्ट तिथेच संपते. शिवाय आयातशुल्क इतके की गाडीची किंमत दुपटीच्या पुढे जाते.

म्हणून आपला बाजार म्हणजे इथेच विकल्या गेलेल्या गाड्या. त्यातही कोणत्या कंपनीचे दुकान अजून उघडे आहे हे आधी पाहावे. होंडाची ॲकॉर्ड २०२० पासून येथे विकली जात नाही. निसानची टिआना आणि मित्सुबिशीची पजेरो यांची विक्रीही थांबलेली आहे. गाडी उत्तम, पण काच फुटली तर महिनाभर उभी, असे या गाड्यांचे होऊ शकते. टोयोटाचीच लेक्सस २०१७ मध्ये भारतात आली. तिच्या कामाला मोठ्या शहरात जावे लागते, आणि कोल्हारहून गाडी क्रेनवर चढवून पुण्याला न्यायची म्हणजे दुरुस्तीआधीच खिसा हलका. आमच्या मते तालुक्याच्या गावातील माणसाने, हौस कितीही असली तरी, ज्या गाडीचे सुटे भाग नगर किंवा नाशिकला मिळतात तिच्यापलीकडे जाऊ नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुने-नवे भाग शोधून आणणारे जाणकार आहेत. त्यांच्या भरवशावर धंद्याची गाडी मात्र ठेवता येत नाही.

गाडी पाहायला जाताना

रंग आणि सीटकव्हर पाहून निर्णय करू नये. पहिले काम म्हणजे चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद विचारणे. मालकाच्या संमतीने ती बहुधा मिळते. कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर काम झाले हे त्यात असते, आणि मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच कळते. नोंद २०१९ ला १,३०,००० ची आणि आज मीटरवर ९०,०००, असे दिसले तर चहासुद्धा न घेता निघावे.

दुसरे, गाडी पाण्यात बुडालेली आहे का. मुंबईचा २००५ चा पूर, सांगली-कोल्हापूरचा २०१९ आणि २०२१ चा पूर, यांतून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायला गेल्या की ओळखू येत नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, खाली चिखलाची रेघ राहिलेली असते. पायाखालचा गालिचा उचलून सीटच्या पट्ट्यांचा गंज पाहावा. आलिशान गाडीत सीटखालीही वायरिंग असते. पाणी लागलेले वायरिंग सहा महिन्यांनी त्रास देऊ लागते, तोवर विकणारा फोन उचलत नाही.

डिझेल इनोव्हा किंवा फॉर्च्युनर घेणाऱ्यांनी टायमिंग बेल्ट विसरू नये. इनोव्हाच्या जुन्या अडीच लिटर आणि फॉर्च्युनरच्या जुन्या तीन लिटर इंजिनात हा पट्टा दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. एक लाख पंचेचाळीस हजारावर विक्रीला आलेली गाडी म्हणूनच जरा संशयाने पाहावी. २०१६ नंतरच्या इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी आहे.

जुन्या होंडा आणि टोयोटा गाड्यांत आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅग उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्या की फुगताना फुटून धातूचे तुकडे उडतात, असे आढळले. जगभर माणसे दगावली आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही ॲकॉर्ड, सिव्हिक, सिटी अशा गाड्या परत बोलावून हा भाग फुकट बदलून दिला गेला. पण मालक बदलत गेलेल्या गाड्यांना कंपनीचे पत्र पोहोचत नाही. चासी नंबर सांगून चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

धूळ, उंदीर आणि इथेनॉल

आता देखभालीकडे वळू. पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिलेले असते. गाडी वर्षात तीन हजारच चालली म्हणून तेल तसेच ठेवणे हा आपल्याकडचा नेहमीचा दोष. वर्ष झाले की तेल बदलावे. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना आपल्या रस्त्यांवरची धूळ, पाचट, भुसा सगळा एअर फिल्टरमध्ये जातो. तो दर दोन-तीन हजारांनी काढून पाहावा.

हायब्रिड कॅमरीला या धुळीचा वेगळाच धोका आहे. तिची मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी गाडीच्या आतलीच हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. जाळी धुळीने भरली, किंवा तिच्यावर कोणी पिशव्या आणि चादरी रचल्या, की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. जाळी साफ करायला दहा मिनिटे लागतात. नवी बॅटरी घालायचा खर्च मात्र लाखांत जातो. टोयोटा आता बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवावे. या बॅटरीच्या नारिंगी वायरींना गावच्या मिस्त्रीने हात लावू नये. तो कितीही हुशार असला तरी, कारण त्यात जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो.

गिअरबॉक्सचे तेल हा दुसरा घोळ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला होंडाचे वेगळे, टोयोटाचे वेगळे तेल लागते. मिळेल ते लाल तेल भरून चार-पाचशे रुपये वाचवणारा लाखाचा गिअरबॉक्स घालवतो. तसेच रेडिएटरचे. आपल्या भागातील विहिरी-बोअरचे पाणी जड. ते घातले की आत खार धरतो. कंपनीचे तयार कूलंटच घालावे.

उसाच्या फडाजवळ घर असणाऱ्याला उंदरांबद्दल काही सांगायला नको. शेडमध्ये आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे वायरिंग कुरतडले जाते, आणि या गाड्यांचा एक हार्नेस म्हणजे लहान मोटारसायकलच्या किमतीचा. होंडाने तर उंदरांसाठी तिखट लावलेली चिकटपट्टी विक्रीला आणलेली आहे! गाडी रोज थोडी चालवणे आणि बॉनेटखाली दिवा मारून पाहणे, हा साधा उपाय.

आणि पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातील उसापासून इथेनॉल बनते आणि आता पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. साखरधंद्याला ते चांगलेच. पण अशा मिश्रणाचा विचार करून नव्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून बनू लागल्या; २०१० ची ॲकॉर्ड त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमधील उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते. जुन्या रबरी नळ्या आणि वायसर लवकर खराब होऊ शकतात, आणि इथेनॉल ओलावा धरते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साचू देऊ नये, आणि इंधनाच्या नळ्या दरवर्षी तपासून घ्याव्यात.

किलोमीटरला किती?

आपले अनेक वाचक व्याजाचे कर्ज टाळतात आणि गाडी रोखीने घेतात. ते योग्यच. पण रोखीने घेणारा बहुधा साठवलेली सगळी रक्कम खरेदीत घालतो, आणि पहिल्याच मोठ्या कामाला दुकानाच्या गल्ल्यातून पैसे काढतो. तिथून मालाची उधारी वाढते. म्हणून आकडे मांडून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापले घालून पाहावेत.

समजा जुनी पेट्रोल ॲकॉर्ड ९ लाखांत घेतली, चार वर्षांनी ५ लाखांत विकली. तूट ४ लाख. वर्षाला १५,००० प्रमाणे ६०,००० किलोमीटर चालली, लिटरला १० चे अॅव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर पेट्रोल ६,३०,०००. सर्व्हिसिंग १,००,०००, टायरचा एक जोड ४०,०००, विमा ८०,०००, आणि अडीअडचणीच्या मोठ्या कामाला १,५०,०००. एकूण १४ लाख. म्हणजे किलोमीटरला २३ रुपये ३३ पैसे.

आता तीच गाडी फक्त लग्नसमारंभाला आणि जुम्म्याला बाहेर काढली, चार वर्षांत २०,००० किलोमीटर झाले. पेट्रोल २,१०,०००, सर्व्हिसिंग ६०,०००, बाकी सगळे तेवढेच. एकूण ९,४०,०००. किलोमीटरला ४७ रुपये! शिर्डीच्या स्टँडवर चालकासह इनोव्हाचा दर विचारून यावे आणि मग ठरवावे. ज्याला माल पाहायला नाशिक, वाशी, पुणे सतत करावे लागते त्याला मोठी, आरामदायी, सुरक्षित गाडी परवडते. ज्याची गाडी दारात उभी राहणार आहे त्याला ती सर्वांत महाग पडते. आमचे मत असे की खरेदीसाठी जी रक्कम बाजूला काढली तिचा चौथा हिस्सा खरेदीत घालूच नये. बारा लाख असतील तर नऊची गाडी पाहावी.

भाव करताना एक मुद्दा हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या गाड्यांवरील जीएसटी ४० टक्के झाला. पूर्वी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भावही उतरला पाहिजे. आणि जुन्या गाडीवर पूर्ण किमतीवर १८ टक्के कर लागतो, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो फक्त त्याच्या नफ्याच्या रकमेवर भरावा लागतो; एका घरगुती मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर तो नाहीच.

कागदपत्रांत दिल्लीच्या गाड्यांचा मामला सांभाळून हाताळावा. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली (२०२५ मध्ये काही सवलतीही दिल्या), आणि तेव्हापासून तिकडच्या फॉर्च्युनर स्वस्तात इकडे येऊ लागल्या. तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रस्ताकर आणि नवा नंबर हा सगळा खर्च धरला की स्वस्ताई बरीच विरघळते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. स्टँपपेपरवर विक्री लिहून दिली म्हणून सुटका होत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून श्रीरामपूरच्या कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच-१७ कडे, अर्ज दाखल करावा आणि त्याची पोच ठेवावी. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढून येईल. ती रक्कमही बाजूला काढलेल्या चौथ्या हिश्श्यातूनच द्यायची आहे.