लाकडाचा ठसा

कागदावर अंगठा उठवलेला तुम्हांस ठाऊक आहे. अंगठ्याच्या उंच रेषांना शाई लागते, त्या काळ्या उठतात. मधले खळगे कोरे राहतात. लाकडाचा ठसा असाच. फळी गुळगुळीत करतात. जेवढे पांढरे हवे तेवढे कोरून काढतात. उरल्या भागावर शाई फिरवून वर कागद दाबतात. अक्षर मात्र उलटे कोरावे लागते, तेव्हा ते सुलटे उठते. चीन देशात अशी छापलेली ८६८ सालची पोथी सापडली आहे.

चित्तप्रसाद भट्टाचार्य हे बंगालचे चित्रकार. जन्म १९१५. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले. उपाशी माणसांची चित्रे काढून त्यांनी पुस्तक केले. इंग्रज सरकारने ते जप्त करून जाळले!

१९४६ साली ते मुंबईस आले, अंधेरीत राहिले. तेथे लाकूड व लिनोलियम कोरून त्यांनी पुष्कळ ठसे केले. त्यांत शेतकरी आहेत, मजुरी करणारी लहान पोरे आहेत. रंगवलेले चित्र एकच असते, ते पैसेवाल्याच्या भिंतीवर जाते. ठशावरून शेकडो प्रती निघतात, गरिबालाही घेता येतात. मग जाळणाऱ्याने तरी किती जाळाव्या?

चित्तप्रसाद १९७८ साली वारले. जाळलेल्या पुस्तकाची एक प्रत घरच्यांनी जपली होती. तीवरून २०११ साली ते पुन्हा छापले गेले.